लव्हरिंग, एक मत

टाउन हॉलच्या दारावर निकालाचा कागद डकवला होता. सिनेटर बोडेन, त्रेपन्न. गव्हर्नर लव्हरिंग, एक.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करायचं, याचं न्यू हॅम्पशायरमधलं मतदान काल झालं. राज्यात लव्हरिंग तिसरा आला. ते चालतं. गावात एक, हे चालत नाही.

एल्डन क्विम्बी लव्हरिंगसाठी गावात चार महिने राबला होता. चौदा घरांनी शब्द दिला, अंगणात लव्हरिंगच्या नावाच्या पाट्या रोवू दिल्या. मार्चमध्ये गावच्या पंचपदाला एल्डन स्वतः उभा राहणार होता, शब्दाला जागणारा माणूस म्हणून. दुसरं भांडवल त्याच्याकडे नव्हतं.

पहार घेऊन तो गोठलेल्या बर्फातून पाट्या उपटत निघाला.

दुकानदार मर्ल दारातच होता. "लोक हलकट आहेत रे. ते एक मत माझं, बरं का."

"असं का."

"पाटी राहू दे ना. कोंबड्यांना आडोसा होतो."

एल्डनने पाटी उपटली.

रस्त्यावरचा बर्फ काढणारा रॉय म्हणाला, "ते मत कुणाचं, हे सांगायला नकोच. बायकोला विचार, तिनंही लव्हरिंगलाच दिलं."

"म्हणजे दोन झाली."

रॉयने टोपी कानांवर ओढली.

दुपारपर्यंत त्या एका मताला अकरा मालक मिळाले. मतदानाला पडदा लावतात तो उगाच नाही. माणूस खरा कसा आहे ते त्याच्याआडच कळतं. एल्डनने वाद घातला नाही. प्रत्येकाला एवढंच म्हणाला, "गावात एक तरी माणूस शब्दाला जागला. मार्चमध्ये आठवण ठेवा." ऐकणारा खाली बघायचा.

शेवटची पाटी त्याच्याच अंगणातली. कुंपणापलीकडे म्हाताऱ्या आर्डिथकाकू बोडेनची पाटी काढत होत्या. गावात बोडेनचं सगळं काम त्यांनीच केलेलं. जिंकूनही चेहरा उतरलेला.

"खोटारडं गाव आहे, काकू."

"आहे रे बाबा." त्यांनी पाटीवरचा बर्फ झटकला. "मला आधीच दिसत होतं, तुझ्या माणसाला कुणी मत देत नाही. म्हणून काल पडद्याआड गेले आणि बोडेनला सोडून तुझ्या लव्हरिंगवर खूण करून आले. म्हटलं, पोराच्या मताच्या जोडीला एखादं असावं."

एल्डनची पहार थांबली.

"दोन होतील असं वाटलं होतं मला," काकू म्हणाल्या.