सहाची बोट

किल्ली देतो गं, देतो. पळून नाही जात गाडी. सोमवारी माझा गुडघा कापला की तीन महिने हे चाक तुझंच आहे, नादेज. पण आधी बस खाली आणि एक गोष्ट ऐक. एका बाईमाणसाची, जिला बोट चुकायची भीती होती.

गेला गुरुवार. धक्क्याला ती मोठी पांढरी बोट लागलेली. टोप्या घातलेली माणसं जिन्यावरून उतरतच होती. समोरच्या बाकावर दोघं म्हातारी बसली होती. मादाम सोलांज आणि त्यांचा नवरा गास्तों. मादामच्या अंगात निळा कोट, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. गास्तोंच्या हातात बंदरावर फुकट वाटतात तो आपल्या सेत गावाचा नकाशा.

मी गाडी बाकाला लावली. "कुठं जायचं, मादाम?"

"तेच तर ठरेना," त्या म्हणाल्या. "याला विचारलं तर म्हणतो, तू म्हणशील तिथं. पन्नास वर्षं हेच ऐकतेय."

"आणि पन्नास वर्षं तूच ठरवतेयस," गास्तों म्हणाले. "माझं काय बिघडलं?"

मी तीन जागा सांगितल्या. डोंगरावरचं मेरीमातेचं देऊळ, खाडीपलीकडं बुझिग गावी जाऊन कालवं खाणं, नाहीतर वाळूवर पाय पसरून बसणं.

"कालवं नकोत, लांब पडतील. सहाला बोट सुटते." त्यांनी नवऱ्याचं मनगट ओढलं. "हे घड्याळ बोटीच्या वेळेचं की गावाच्या?"

"बोटीच्या. चार तास आहेत अजून."

"आणि नाही पोचलो तर? इथं आपल्याला कुत्रंसुद्धा ओळखत नाही, गास्तों. झोपायचं कुठं?"

चेष्टा नव्हती ती. पर्सवरची बोटं पांढरी पडली होती.

म्हटलं, "मादाम, तीस वर्षं गाडी चालवतोय. माझ्या गाडीतल्या माणसाची बोट कधी चुकली नाही."

"शब्द देता?"

"दिला."

तेव्हा कुठं बसल्या गाडीत. देऊळ ठरलं.

चढावर त्यांनी माझ्या पाटीकडं बघितलं. सिगारेट ओढू नका असं मीच लिहून लावलंय, माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात. मादाम म्हणाल्या, "शाळा किती शिकलात हो?"

"शिकलो कसली, मादाम. बारा-तेरा वर्षांचा असताना बापाच्या होडीवर गेलो."

"मास्तरीण वाईट असणार."

"नाही नाही. मास्तरीण सोन्यासारखी होती. दगड मीच."

गास्तों खिडकीबाहेर बघत बसले.

देवळाशी पोचलो. मादाम पुढं झाल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "सांभाळ, तिसरी पायरी हलते." आणि खरंच हलली! बोटीवर माहितीची पुस्तकं देतात म्हणे. काय काय छापतील, नेम नाही.

आत मेणबत्ती लावली. बाहेर कठड्याशी आल्या, खाली बोट बघितली. "आहे अजून." पुन्हा दोन मिनिटांनी बघितली. "आहे."

मग भूक लागली. जुन्या बंदरावर ती जाडी झेझेत तिएल विकते ना, तिच्याकडं नेलं. झेझेतनं न विचारताच ऑक्टोपसचं सारण भरलेली ती गोल तिएल कापून चार तुकडे केले, तिखट बाजूला ठेवलं. तिचं ते खरजुलं कुत्रं आलं आणि मादामच्या मांडीवर डोकं टाकून निजलं. मादाम म्हणाल्या, "किती माणसाळलेलं आहे!" झेझेत म्हणाली, "मेलं सगळ्यांनाच चिकटतं." खोटारडी. माझा तर दोनदा चावा घेतलाय त्यानं.

सव्वापाचला निघालो. आणि पुलाशी येतो तर काय, पूल वर! शिडाच्या होड्या एकामागून एक आरामात चाललेल्या. एक, चार, सात. काटा पुढं सरकतोय. तिकडून बोटीचा भोंगा वाजला.

"गेली," मादाम म्हणाल्या. एकच शब्द. मग रडायला लागल्या गं, आवाज न करता. "मी सांगत होते. मी सांगत होते तुला."

गास्तोंनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आरशातून माझ्याकडं बघितलं.

म्हटलं, "मादाम, हा पहिला भोंगा. सुटायच्या आधी तीन देतात."

"खरं?"

"शब्द दिलाय ना."

पूल खाली आला. मी अशी गाडी हाणली की मागचा माणूस आईबापाचा उद्धार करत राहिला. कोपरा वळलो, आणि समोर पांढरीशुभ्र, जागच्या जागी.

"आहे! गास्तों, आहे!" त्या हसायला लागल्या, गाल ओलेच. माझ्या पाठीत एक जोरदार थाप घातली. "शाबास! कोण म्हणतं तू दगड आहेस? सांग तुझ्या मास्तरणीला."

"सांगतो, मादाम."

दार उघडलं. त्या उतरल्या, वाकून माझे आभार मानले. गास्तोंनी खिशातून किल्ली काढली, माझा खांदा दाबला. सहाला मोठा भोंगा झाला. मी खालीच उभा होतो. वर खिडकीत मादाम हात हलवत होत्या, मला, झेझेतला, अख्ख्या गावाला. ओरडल्या, "सुटली एकदाची!" अगं, मला इतकं हलकं वाटलं, जशी माझीच बोट चुकता चुकता राहिली.

तर ही घे किल्ली. दर गुरुवारी दोन वाजता त्या बाकाशी गाडी लाव. हिंडव त्यांना, म्हणतील तिथं. सहाच्या आत आणून सोड. बोटीच्या जिन्याशी नाही. समोरची पिवळी इमारत, दोरखंडाच्या दुकानावर, तिसरा मजला, चाळीस वर्षं राहतात तिथं. समोरची बोट हलली की त्यांना वाटतं, आपणच निघालो. नावावरून तुझ्या ध्यानात आलं नाही ना? कसं येणार, आपण पोरांनी कधी नावानं हाक मारली होती त्यांना? तुलाही शाळेचं विचारतील. तू तर त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचीस. काय वाटेल ते सांग, पण एवढं कर, नादेज, तोंडातून 'बाई' निघू देऊ नकोस.