वासरू लुचेपर्यंत

"गाडी थांबवा, ती व्यायला झालीय!" सुंदरामावशी ओरडल्या.

आफ्रिकेच्या अफाट माळावर आमच्या सहलीची ती शेवटची सकाळ होती. सिंह, हत्ती पाहून झाले होते; राहिला होता बिबट्या, आणि तो नदीकाठी दिसल्याचं वायरलेसवर नुकतंच कळलं होतं. मावशींना मात्र कळपातून बाजूला झालेली विल्डबीस्ट या रानगुराची मादी दिसली. कराडला चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेली नजर ती!

"अगं, बिबट्या जाईल ना!" मावशींचे यजमान कळवळले.

मसाई ड्रायव्हरला मराठी येत नव्हतं, पण त्याच्याही घरी गुरं होती. मावशींच्या बोटाकडे पाहून त्यानं इंजिनच बंद केलं.

वासरू जन्मलं. उठलं, कोसळलं, पुन्हा उठलं. आता यजमानच खिडकीतून वाकून त्याला कुजबुजत सांगत होते, "जरा डावीकडं, राजा. तिथं आहे बघ दूध!" अखेर ते लुचू लागलं.

मावशींनी पिशवीतून गूळ काढला. "म्हैस व्याली की आम्ही गल्लीभर खरवस वाटतो. इथं गुळावर भागवा."

खडा चघळत ड्रायव्हरनं वायरलेसवर काहीतरी सांगितलं. थोड्याच वेळात नदीकाठच्या सगळ्या जिपा आमच्याभोवती, आणि प्रत्येक खिडकीतून गुळासाठी हात बाहेर.

बिबट्या तिकडे एकटाच बसला असेल.