अकराव्याची जागा

"या मैदानानं असा पोरगा पाहिला नव्हता!" कोच मॅकब्राईड भोंग्यावरून गरजला. ते अगदी खरं होतं. मैदानानं कोल्बीला पाहिलंच नव्हतं. हायस्कूलची चारही वर्षं तो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. फुटबॉल, तो अमेरिकन धडकाधडकीचा, खेळायला मिळाला असता, तर एखाद्या कॉलेजनं फुकट शिकवायला नेलं असतं. नाही मिळाला, म्हणून फौजेनं नेलं. फौजेनं मात्र त्याला बाकावर बसवलं नाही. थेट पुढच्या फळीत धाडलं, आणि पेटीतून परत पाठवलं.

आता ओहायोतल्या त्या एवढ्याशा गावाला प्रेमाचं भरतं आलं होतं. नगराध्यक्षबाई रडल्या, पण डोळ्यांना लावलेला रंग सांभाळून. गाद्यांच्या दुकानदारानं कोल्बीच्या फोटोखाली आपल्या दुकानाचं नाव छापून घेतलं. कोल्बीचा बत्तीस नंबरचा सदरा काचेत मढवून त्याच्या आईच्या, डार्लाच्या मांडीवर ठेवला. "हा नंबर यापुढं कुणी घालणार नाही!" कोच म्हणाला. लोक उभे राहिले. सॉसेज-पाव खाणारेसुद्धा उठले, पाव हातात धरून.

डार्लाच्या शेजारी तिची सासू ओपल ओठ आवळून बसली होती. सुनेनं तिला घरूनच बजावून आणलं होतं, "आई, आज कुणाला टोचून बोलू नका. भोंग्यावर त्याचं नाव एकदा तरी ऐकू दे मला."

मग कोचनं मोठा मान जाहीर केला. पहिला डाव, म्हणजे शिटी ते शिटी काही सेकंदांचा, अकरांऐवजी दहाच पोरं खेळतील. कोल्बीची जागा रिकामी राहील. भोंग्यावर नाव पुकारलं. डार्लानं डोळे मिटले. शिटी झाली. पोरं एकमेकांवर आदळली. पुन्हा शिटी झाली. कोचनं बाकाकडं बोट केलं, आणि अकरावा पोरगा डोक्यावर टोप चढवत धावत आत गेला.

ओपल ताडकन उठली.

"ए मॅकब्राईड! मेल्या, चार वर्षांत आज पहिल्यांदा उतरवलास माझ्या नातवाला, आणि एका डावात परत काढलास?"

कोच लगबगीनं कठड्यापाशी आला. आवाजात लोणी घालून म्हणाला, "ओपलआजी, असं काय करता? सामना आहे हा. एक माणूस कमी असला तर कसं निभायचं?"

ओपलनं तोंड उघडलं. पण उत्तर डार्लाकडून आलं, डोळे मिटलेलेच.

"नाही निभत."