चिकटपट्टीची खूण

जाहिरातींचं शूटिंग म्हणजे लेकीच्या डाव्या हातचा मळ. पण आज आईच्या स्वयंपाकघरात तिला घाम फुटला होता. डब्यांच्या आड मोबाइल बसवून तिनं चौकट तपासली, फरशीवर चिकटपट्टीची खूण केली आणि आईला तिथं उभं केलं.

"काही झालं तरी इथून हलू नकोस. चौकटीबाहेर गेलीस तर सगळं मुसळ केरात. मी इथेच दाराआड आहे."

आईनं मान डोलावली. तिचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

"आज टीव्ही नको, आई. आवाज स्वच्छ यायला हवा."

"अगं, टीव्ही मोठा केला नाही तर शेजारी ऐकू जातं."

"जाऊ दे."

आई जरा घुटमळली. "आणि ह्यांनी काय बोलायचं, ते लिहिलंस का?"

"बाबांना कशाला लिहून द्यायचं? आपल्याला पाठ आहे ते."

जिन्यात पावलं वाजली. लेकीनं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि ती श्वास रोखून दाराआड झाली. कुलपात किल्ली फिरली. खुणेवर पाय रोवून उभ्या असलेल्या आईनं मान न वळवता हळूच विचारलं,

"आणि आज ह्यांनी हात नाही उगारला, तर गं?"