आठवं नाव

"एवढं बघून सांग, मग मी सही करते," सिस्टर म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

कागद वृद्धाश्रमाच्या साहेबांनी सिस्टरांच्या नावाने टाइप करून दिला होता: आज दुपारी ड्यूटीवर असताना मला डुलकी लागली, त्यामुळे बारा नंबरच्या खोलीतली घंटा मला ऐकू आली नाही. खाली सहीपुरती जागा. बारा नंबरमधले मास्तर अडीचच्या सुमाराला दम लागून गेले. घंटेचं बटण त्यांच्या उशाशी होतं आणि सिस्टर होत्या वीस पावलांवर, औषधांच्या टेबलापाशी.

"मी जागी होते रे बाबा. गोळ्या भरत होते डब्यांत. पण आता माझाच माझ्यावर भरवसा राहिला नाही. पन्नाशी उलटली, लागलाही असेल डोळा. सगळेच म्हणतायत तर असेल तसं." बोलता बोलता त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

सिस्टर ज्याच्याशी बोलत होत्या तो सगळ्या खोल्यांच्या घंटा कॉम्प्युटरला जोडून देणारा प्रोग्रामर. साहेबांनी त्याला बोलावलं होतं ते एवढ्याचसाठी. यंत्र ठीक आहे असं लिहून द्या, मास्तरांचा मुलगा केबिनमध्ये बसलाय, विषय संपवायचाय.

त्याने प्रोग्राम उघडला. सकाळी आपण इथे काय केलं ते त्याला आठवत होतं.

सकाळी कॉम्प्युटर आपला आपण अपडेट झाला आणि घंटांचा प्रोग्राम सुरूच होईना. इम्पोर्ट एरर! असा प्रोग्राम कुणी सगळा स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार भाग नावाने हाक मारून बोलावायचे असतात. त्या लोकांना आली लहर, आणि नव्या आवृत्तीत त्यांनी भागांची नावंच बदलून टाकली. घरात माणसं तीच, दारावरच्या पाट्या तेवढ्या नव्या. प्रोग्राम जुन्या नावाने हाक मारणार, ओ कोण देणार? याने एक नाव दुरुस्त केलं की दुसऱ्यावर गाडी अडायची. अशी सात नावं त्याने शोधून काढली. आठव्याचं नवं नाव काही केल्या मिळेना.

साहेब डोक्यावर उभे. "अहो, नातेवाईक भेटायला येतील आता. तो हिरवा दिवा तरी लावा!" त्यात मुलीच्या शाळेतून दुसऱ्यांदा फोन. तेव्हा त्याने केलं ते या धंद्यातले सगळेच कधी ना कधी करतात. आठव्या नावाभोवती चार ओळी घातल्या: सापडलं तर घे, नाही सापडलं तर गुपचूप पुढे जा. तो भाग कशाचा आहे हे बघायलासुद्धा थांबला नाही. संध्याकाळी येऊन नीट करू म्हणाला. प्रोग्राम चालू झाला, हिरवा दिवा लागला, वेळ मारून नेली.

आता संध्याकाळच होती. त्याने ते आठवं नाव शोधलं, आणि या वेळी ते दोन मिनिटांत सापडलं. तो भाग घंटेचा आवाज काढण्याचा होता.

चार ओळी पुसून टाकायला एक क्षण पुरला असता. या इमारतीत त्या वाचता येणारं दुसरं माणूस नव्हतं. खापर फोडायला एक डोकं तर आपण होऊन पुढे आलं होतं, हातात कागद घेऊन. आणि खरं बोललं तर? या ओळींपायी उद्या कुणी त्याला दारातही उभं करणार नव्हतं.

"काय रे? वाजली होती ना?"

"नाही वाजली, सिस्टर." त्याने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "मी सकाळी घाई केली. माझ्यामुळे घंटा बंद पडली. तुमचा काही दोष नाही. तो कागद फाडून टाका. साहेबांना मी सांगतो."

त्या ओरडतील, हात उगारतील असं त्याला वाटलं. उगारला असता तर बरंच वाटलं असतं. पण त्या नुसत्या खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मी जागी होते."

"जागीच होतात."

"माझी समजूत काढायला नाही ना म्हणत?"

नाही, नाही, म्हणत त्याने घाईघाईने नोंदी उघडल्या. निदान एवढं तरी त्यांच्या पदरात टाकता यावं म्हणून. घंटा मुकी झाली होती, पण बटण दाबल्याची नोंद प्रोग्राम इमानेइतबारे करत राहिला होता. "हे बघा. बटण दाबलंय, आणि पुढे लिहिलंय, आवाज नाही." बारा नंबर, दोन वाजून आठ मिनिटं. बारा नंबर, दोन वाजून आठ. बारा नंबर, दोन वाजून नऊ. ओळी खाली किती लांब गेल्यात ते त्याला तेव्हा दिसलं. त्याने चटकन पडद्यावरची खिडकी बंद करायला हात नेला.

सिस्टरांनी त्याचं मनगट धरलं. "किती वेळा दाबली रे त्यांनी?"

"एक-दोनदा," तो म्हणाला. "एक-दोनदाच, सिस्टर."

सिस्टरांनी चष्मा चढवला. पहिल्या ओळीवर बोट टेकवलं, मग दुसऱ्या, आणि ओठांतल्या ओठांत मोजत त्या एकेक ओळ खाली येऊ लागल्या. बोट पडद्याच्या तळाशी येऊन थांबलं.

"वर सरकव," त्या म्हणाल्या. "अजून आहे खाली."