देवीच्या वळणावरचा गिअर

नवरा गेल्यावर हेमलताबाई शेजारच्या सीटवर सामानाची जड पिशवी ठेवून स्वतः गाडी चालवू लागल्या आणि घाटात देवीच्या वळणावर गिअर सटकायला लागला. इंजिन नुसतं गुरगुरायचं, गाडी ढिली पडायची. इक्बाल मेकॅनिक एकटा फेरी मारून आला, तेव्हा मात्र ती शहाण्यासारखी चालली. शेवटी त्याने ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची स्मृती लॅपटॉपवर उघडली.

“बिघाड नाही, काकू. काकांच्या पायाची सवय शिकलाय हा. तिथे ते वेग कमी करायचे, देवीला हात जोडायला असणार.”

“ह्यांनी? अरे, पक्के नास्तिक होते ते! मी हात जोडले की हसायचे.”

इक्बालने गोंधळून पुन्हा पाहिलं. “खरंच की. एकटे असले की सुसाट जायचे. शेजारच्या सीटवर वजन असलं, म्हणजे तुम्ही असलात, तरच हळू... आता तुमच्या पिशवीलाच तुम्ही समजतोय हा. पुसून टाकू?”

हेमलताबाईंचे हात आपोआप जुळले. कोणापुढे, ते त्यांनाच कळेना.