मायाळूला पाणी

लुआ पिशवी खांद्याला अडकवून निरोप घ्यायला आत आली, तेव्हा सासूची खाट रिकामी होती.

साऊआजी सुनेच्या आधाराशिवाय न्हाणीपर्यंतसुद्धा जात नसे. लुआनं न्हाणीत पाहिलं, चुलीपाशी पाहिलं. मग गच्चीच्या लोखंडी जिन्याशी तिला सासूची एक सपात पडलेली दिसली.

दाराबाहेर गल्लीत धाकटी बहीण थाम मोटरसायकलवर बसून वाट बघत होती. "ताई, गावाकडची का-माउची बस आपल्यासाठी थांबायची नाही."

"आलेच," म्हणत लुआ वर चढली.

एप्रिलमधली भर दुपार. चोरांच्या भीतीनं सायगॉनमधल्या सगळ्या गच्च्यांसारखी हीही चारी बाजूंनी आणि वरूनही लोखंडी जाळीनं बंद केलेली. जाळीवर कारल्यांचे आणि घोसाळ्यांचे वेल, खाली मासळीबाजारातल्या थर्माकोलच्या पेट्यांमध्ये लाल माठ, मिरच्या, मायाळू. सगळ्यांनी माना टाकलेल्या. साऊआजी पिंपाला टेकून फरशीवर बसली होती. हातात पत्र्याचा डबा. जवळच्या पेट्या भिजल्या होत्या, लांबच्या कोरड्याच.

"आई, तुम्ही वर कशा आलात?"

"बसत बसत. एकेक पायरी."

म्हातारीनं तळवे पदराआड घेतल्यासारखे सदऱ्यात लपवले. लुआनं ते ओढून बघितले. तापलेल्या लोखंडानं कातडी सोलून निघाली होती.

"समोरच्या तूबाईंना सांगून ठेवलंय मी सगळं."

"तूबाई मला घास भरवेल. भाजीला पाणी घालायला ती हा जिना चढणार होय? जिना मोडेल." मग जरा थांबून म्हणाली, "चार दिवस डोक्यावर तुझी पावलं वाजली नाहीत. आधी वाटलं, विसरली असेल. पण या उन्हात भाजीला कोण विसरतं?"

लुआनं मिरचीचं एक वाळलेलं पान खुडलं.

"वडिलांच्या श्राद्धाला चाललीस ना? चार-दोन दिवसांत येणार?"

"हो."

"श्राद्धाला शिवणाची कात्री लागते, हे मला माहीत नव्हतं. खिळ्यावर नाहीये ती."

लुआचा हात आपोआप पिशवीवर गेला. खोटं बोलायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "थामनं तिकडे एका शिंप्याकडे काम बघितलंय माझ्यासाठी," ती म्हणाली.

"बरं केलं. बोटीवर जाऊन न परतलेला नवरा काही मी तुला आणून देऊ शकत नाही. जा तू. अडवायला नाही आले मी. ऊन उतरलं की उतरेन खाली."

"उतरता येईल?"

"चढता आलं ना?"

दोघींनी जिन्याकडे पाहिलं. वरून तो शिडीसारखा उभा दिसत होता. उतरताना पाय कुठे पडतोय ते धडधाकट माणसालाही कळत नसे.

"मीही गेले होते एकदा," साऊआजी म्हणाली. "तुझ्या सासऱ्याच्या घरातून. बोचकं घेऊन पार होडीच्या धक्क्यापर्यंत."

"मग?"

"परत आले. मिरच्या तोडायला आल्या होत्या."

हसण्यासारखंच होतं, पण दोघींपैकी कुणी हसलं नाही.

खाली थामनं भोंगा वाजवला. लुआनं पिशवी फरशीवर ठेवली आणि सासूकडे पाठ करून उकिडवी बसली. "गळ्यात हात टाका. आधी तुम्हाला खाली नेते."

"आधी ती कोपऱ्यातली पेटी. मायाळूची. तिथवर मला सरकता आलं नाही."

लुआच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता. मग ती उठली, डबा घेतला, पिंपात बुडवला. कोपऱ्याकडे जाता जाता जाळीशी थांबली.

"थाम, तू हो पुढे."

थामनं मान वर करून बघितलं. तिला जाळी आणि वेलांच्या आड बहिणीचे नुसते हात दिसले असतील. "आणि तू?"

लुआ जाळीपासून मागे सरली.

"तुला न्यायला मी किती वेळा येऊ, ताई?"

लुआ पेटीशी वाकली. माती इतकी टणक झाली होती, की पाणी मुरेना. कडेकडेनं बाहेर आलं आणि फरशीवर सुकून गेलं. तिनं बोटांनी माती उकरली, पुन्हा डबा भरून आणला. खाली मोटरसायकल सुरू झाली. गल्लीच्या वळणापर्यंत तिचा आवाज ऐकू आला.

"हळू ओत," साऊआजी म्हणाली. "मुळं उघडी पडतील."